गुडजिम

धावण्याच्या व्यायामाला सामुदायिक बागांतील श्रमदानाची आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या भेटीगाठींची जोड देणारी ब्रिटनमधील धर्मादाय संस्था. सभासद ठरल्या जागी जमतात, पळत कामावर जातात, काम उरकतात आणि पळत परततात. सहभाग विनामूल्य असून ऐपत असलेल्यांनी दरमहा ऐच्छिक देणगी द्यावी, अशी अपेक्षा असते. ‘जिम’ हा शब्द नावात असला तरी संस्थेची व्यायामशाळा कोठेही नाही.

पूर्वपीठिका : व्यायाम आणि बागकाम यांची सांगड ब्रिटनमध्ये गुडजिमच्या आधीच घातली गेली होती. ऑक्सफर्डशायरमधील सॉनिंग कॉमन या गावचे डॉक्टर विल्यम बर्ड यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘ग्रीन जिम’ सुरू केले. त्यांना साथ देणारी निसर्गसंवर्धन संस्था १९५९ साली ‘कॉन्झर्व्हेशन कोअर’ या नावाने निघालेली होती. ग्रीन जिममध्ये पळणे नसते. अंग मोकळे करणारे व्यायाम, मग काही तास खोदाई-छाटणी, मध्ये चहा आणि शेवटी अंग सैल सोडणे, असा त्याचा क्रम असतो. शहरातल्या पडीक तुकड्यावर रहिवाशांनी मिळून बाग किंवा छोटी शेती करण्याची चळवळ त्याहूनही जुनी आहे. लंडनच्या केंटिश टाऊन येथील ‘सिटी फार्म’ १९७२ सालचे आहे. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात स्पिटलफील्ड्स आणि स्टेप्नी येथे अशी शेते आहेत. गुडजिमचा उगमही याच भागातला.

स्थापना : संस्थापक आयव्हो गॉर्मली हे शिल्पकार अँटनी गॉर्मली यांचे पुत्र. इंटरनेटमुळे शक्य झालेल्या सामूहिक सहकार्यावरील ‘अस नाऊ’ (२००९) या माहितीपटाचे ते दिग्दर्शक आहेत. व्यायामशाळेत माणसे घाम गाळतात, पण त्या शक्तीतून काहीच निपजत नाही, ही त्यांची तक्रार होती. ते स्वतः पळत जाऊन एका वृद्ध गृहस्थांना वर्तमानपत्र पोहोचवू लागले. घरी कोणी वाट पाहत असले की पळायला जाण्याचा कंटाळा टिकत नाही, या अनुभवातून २००० च्या दशकाच्या अखेरीस संस्था उभी राहिली. लंडनबाहेर ब्रिस्टल हे सुरुवातीच्या शहरांपैकी एक. पुढे लिव्हरपूल, यॉर्क, ऑक्सफर्ड, कार्डिफ आदी ठिकाणी गट निघाले.

कामाचे प्रकार : तीन आहेत. (१) गटसत्र : बहुधा आठवड्यातील एका संध्याकाळी. बागकाम, कचरा वेचणे, अन्नपेढीतील डबे लावणे, पत्रके वाटणे इत्यादी. (२) वृद्धभेट : एक धावक एकाच वृद्धाकडे नियमित जातो. या वृद्धाला संस्थेत ‘कोच’ म्हणजे प्रशिक्षक म्हणतात, कारण धावकाला घराबाहेर काढणारा तोच. त्यासाठी धावकाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते. (३) मोहीम : एखाद्या वृद्धाचे जड सामान हलवणे, वाढलेले अंगण साफ करणे यांसारखे एकवेळचे काम.

बागेतील काम : प्रत्येक सत्राचा अहवाल लिहिण्याचा, आणि त्याच्या मथळ्यात शाब्दिक कोटी करण्याचा, संस्थेत प्रघात आहे. त्यामुळे या अंगाची माहिती विपुल मिळते. सर्वांत नेहमीचे काम लाकडाच्या ढलप्या वाहण्याचे. झाडे छाटणारे व्यावसायिक ढलप्यांचा ट्रक बागेच्या दाराशी फुकट ओतून जातात. बागेचे फाटक अरुंद असते आणि राबता मूठभर, बहुधा वयस्कर स्वयंसेवकांचा. त्यांना आठवडे पुरणारा ढीग वीस-पंचवीस धावक फावडी, बादल्या आणि एकचाकी ढकलगाड्या घेऊन अर्ध्या-पाऊण तासात आत नेतात. ढलप्या पायवाटांवर आणि झाडांच्या बुंध्याभोवती आच्छादन म्हणून पाच ते दहा सेंटिमीटर पसरतात. त्या मातीत मिसळायच्या नसतात. ताजे लाकूड कुजताना मातीतले नत्र ओढून घेते आणि वाफ्यातली रोपे पिवळी पडतात.

दुसरे काम काटेरी ब्रॅम्बल (ब्लॅकबेरी) काढण्याचे. तिच्या फांदीचे टोक जमिनीला टेकले की तिथेच मूळ धरते, म्हणून वरवर कापून भागत नाही, बुंधा खणून काढावा लागतो. आपल्याकडील चांदवेलीच्या कुळातली बाइंडवीड याहून चिवट. मुळाचा तुकडा राहिला तरी ती पुन्हा फुटते, त्यामुळे घाईच्या हातांना ती देत नाहीत. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, साधारण मार्च ते ऑगस्ट, कुंपणाची दाट छाटणी टाळतात. वापरातील घरट्यांना १९८१ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. डिसेंबरात लंडनला चारच्या आतच सूर्य मावळत असल्याने हिवाळी सत्रे कपाळावर दिवा बांधून होतात.

पुष्कळ माणसे, थोडा वेळ आणि किमान कौशल्य, असे या श्रमाचे गणित आहे. वाहणे, उपसणे, पसरणे, मोठे तण काढणे त्यात बसते. फळझाडांची छाटणी, बी पेरणे, रोपे विरळ करणे बसत नाही. ती कामे बागेच्या नेहमीच्या माणसांकडेच राहतात.

आरोग्यविषयक परिणाम : नियमितपणा वाढतो आणि ओळखी होतात, असे सहभागी सांगतात.

कोविड काळ : मार्च २०२० मध्ये गटसत्रे थांबली. सभासद एकेकटे औषधे व किराणा पोहोचवू लागले.

मतभेद : २०१० नंतर ब्रिटनमधील स्थानिक संस्थांच्या निधीत कपात झाली आणि उद्यानांवरील पगारी माणसे घटली. स्वयंसेवकांच्या श्रमामुळे ही उणीव झाकली जाते, असा आक्षेप अशा उपक्रमांवर सर्वसाधारणपणे घेतला जातो. सामुदायिक बागा मुळात रहिवाशांच्याच असल्याने तेथे तो लागू होत नाही, असे दुसरी बाजू म्हणते.

भारत : संस्थेचे काम ब्रिटनपुरतेच आहे. जवळचा प्रकार म्हणजे पळता पळता कचरा वेचण्याचे ‘प्लॉगिंग’. ते स्वीडनमध्ये २०१६ च्या सुमारास रुजले. भारतात २ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ मोहिमेत प्लॉगिंग-दौड झाली, पुण्यातही असे गट आहेत. प्लॉगिंगमध्ये धावण्याच्या वाटेवरच काम भेटते. गुडजिममध्ये काम एका जागी असते, आणि तिथवर पोहोचण्यापुरतेच पळायचे असते.