पाहुणा, फूट-व्हॉल्व्ह आणि बडनेऱ्याची मालगाडी

गेल्या शनिवारी अकोल्याहून भाच्याचा फोन आला. पोरगा डिप्लोमाला आहे आणि सोमवारी तोंडी परीक्षा. "मामा, डायोड अन् थायरिस्टर, दोघंही करंट एकाच बाजूनं जाऊ देते. मंग फरक काय हाय?"

प्रश्न ऐकून हसूच आलं. अमरावतीला शिकत असताना हाच प्रश्न मलाही आला होता. "एकाला दोन पाय, दुसऱ्याला तीन" एवढं सांगून मी सुटलो होतो. मार्क मिळाले, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. खरं उत्तर तेव्हा रोज बडनेऱ्याच्या फलाटावरून धडधडत जायचं, आणि मी आपला चहा पीत उभा असायचो!

आधी डायोड. विहिरीवरच्या मोटारीचा फूट-व्हॉल्व्ह आठवा. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. त्याला कोणी विचारत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही. सिलिकॉनचे दोन थर, मधे एक सांधा, बस्स.

आता रेल्वे. भुसावळ-अकोला-बडनेरा मार्गावर १९९० च्या आसपास वीज आली. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा एसी, पण त्या काळच्या इंजिनांच्या मोटारी डीसीवर चालणाऱ्या. म्हणजे एसीचा डीसी इंजिनातच करायला हवा. भारतात १९५९ साली आलेल्या पहिल्या एसी इंजिनांत हे काम पाऱ्याच्या इग्निट्रॉन नळ्या करायच्या. पुढे त्यांची जागा सिलिकॉन डायोडनी घेतली. आपल्या भागात वर्षानुवर्षे दिसलेली वॅग-५ ही त्यातलीच.

पण फूट-व्हॉल्व्ह पाणी कमी-जास्त करू शकत नाही ना! मग वेग कसा वाढवायचा? त्यासाठी ट्रान्सफॉर्मरला टॅप-चेंजर जोडलेला, ३२ पायऱ्यांचा. ड्रायव्हर एकेक पायरी चढणार. प्रत्येक पायरीला व्होल्टेज टप्प्याने वाढणार, गाडीला हिसका बसणार, आणि लोड जास्त असला तर चाकं घसरायची भीती.

इथे थायरिस्टर येतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने तो १९५७ साली बनवला. दोनाऐवजी चार थर, तीन सांधे, आणि 'गेट' नावाचा तिसरा पाय. गेटला क्षणभर टिचकी मारेपर्यंत हा सरळ दिशेनेही करंट सोडत नाही. एकदा सुरू झाला मात्र, की गेट काढून घेतलं तरी थांबत नाही. अगदी वऱ्हाडातल्या पाहुण्यासारखा! बोलवायचं कधी ते तुमच्या हातात. जायचं कधी ते त्याच्या. करंट जवळजवळ शून्यावर आला तरच तो बंद होतो.

एसीमध्ये ही सोय आयतीच आहे. ५० हर्ट्झचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणजे पाहुणा दर अर्ध्या आवर्तनाला आपणहून उठतो. त्या १० मिलिसेकंदांत टिचकी लवकर मारली तर जास्त वीज, उशिरा मारली तर कमी. पायऱ्या नाहीत, हिसका नाही. घरातल्या पंख्याच्या गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये हेच चालतं. तिथला ट्रायॅक म्हणजे पाठीला पाठ लावून बसलेले दोन थायरिस्टरच समजा.

स्वीडनने १९६७ पासून अशी इंजिनं चालवली. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या शेवटी वॅग-६ आली, पण मोजकीच. कारण थायरिस्टर लाटेचा लचका तोडतो. त्याने पॉवर फॅक्टर बिघडतो आणि शेजारच्या सिग्नल-टेलिफोनच्या तारांना त्रास होतो. विदर्भात थायरिस्टरची मोठी कामगिरी दिसली ती वेगळ्याच ठिकाणी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची डीसी लाइन सुरू झाली, १५०० मेगावॅटची. दोन्ही टोकांना थायरिस्टर. पण पडघ्याला डीसीचा परत एसी करताना पाहुण्याला उठवायचं काम तिथल्या ग्रिडचं व्होल्टेजच करतं. ते कोलमडलं, की थायरिस्टर बिचारा अडकला!

रेल्वेलाही हीच अडचण आली. थ्री-फेज मोटारीसाठी डीसीतून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी घडवावा लागतो. डीसी कधी शून्यावर येतच नाही, मग पाहुणा उठणार कसा? म्हणून जीटीओ, गेटमधूनच बंद करता येणारा थायरिस्टर. १९९६ साली आलेल्या वॅग-९ मध्ये तोच होता. पण त्याला बंद करायला मुख्य करंटच्या साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका उलटा करंट गेटमधून ओढावा लागतो. म्हणजे पाहुण्याला घालवायला चार माणसं! पुढे आयजीबीटी आले, साध्या इशाऱ्यावर सुरू आणि बंद होणारे, आणि नव्या इंजिनांतून जीटीओ मागे पडला.

आणि डायोड? तो कुठेच गेला नाही. त्या आयजीबीटीच्या शेजारीही उलट्या करंटला वाट द्यायला एक डायोड असतोच.

भाच्याला म्हटलं, "डायोडला दिशा कळते. थायरिस्टरला दिशा अन् सुरुवात कळते, शेवट कळत नाही. त्यानंतरचा सगळा इतिहास म्हणजे शेवट हातात घ्यायची धडपड."

"मामा, हे पुस्तकात काऊन नाही?"

असेल रे बाबा. मीच तेव्हा पाय मोजत बसलो होतो.