विकिमीडिया इव्हेंटस्ट्रीम्स म्हणजे काय? विकिपीडियावरचे बदल लाइव्ह कसे मिळवायचे?

विकिपीडियावर कुणी एखादा लेख बदलला की त्याची नोंद ‘अलीकडील बदल’ या पानावर दिसते. मराठी विकिपीडियावरही हे पान आहे. पण ते माणसाने उघडून बघायचं पान झालं. समजा, कुणी एखाद्या मराठी लेखातला अर्धा मजकूर उडवला, तर लगेच कळवणारा एक छोटा प्रोग्राम तुम्हाला लिहायचा आहे. त्या प्रोग्रामला ही बातमी कोण देणार?

यासाठी विकिमीडिया फाउंडेशनची ‘इव्हेंटस्ट्रीम्स’ नावाची सेवा आहे. विकिपीडिया आणि तिच्या भावंड प्रकल्पांवर जे काही घडतं, ते घडल्या क्षणी ही सेवा इंटरनेटवर सोडत राहते. पैसे लागत नाहीत, खातं लागत नाही, एपीआय की लागत नाही.

हा प्रवाह सुरू करणं सोपं आहे, दहा-बारा ओळींत होतं. पण प्रवाह तुटलाय हे ओळखणं आणि मधलं काही न गमावता पुन्हा जोडून घेणं, हे खरं काम आहे. ते जमलं नाही तर तुमचा राखणदार झोपलेला असेल आणि तुम्हाला वाटेल, सगळं शांत आहे. म्हणून या लेखात त्यावर जास्त भर दिला आहे.

पुन्हा पुन्हा विचारायचं की ऐकत बसायचं?

एसटी स्टँडवर गाडीची वाट बघण्याच्या दोन पद्धती असतात. एक म्हणजे दर पाच मिनिटांनी चौकशीच्या खिडकीवर जाऊन “गाडी लागली का?” असं विचारायचं. दुसरी म्हणजे बाकावर बसून लाउडस्पीकरवरची घोषणा ऐकायची.

पहिल्या पद्धतीला तंत्रज्ञानात पोलिंग म्हणतात. तुमचा प्रोग्राम ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारतो, “नवीन काही आहे का?” बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येतं. सर्व्हरचा वेळ जातो, तुमचाही जातो, आणि बातमी पुढच्या फेरीपर्यंत उशिराच कळते.

इव्हेंटस्ट्रीम्स दुसऱ्या पद्धतीने चालते. त्यामागच्या तंत्राचं नाव आहे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, थोडक्यात एसएसई. तुम्ही एकदाच साधी एचटीटीपी विनंती पाठवता आणि सर्व्हर ते उत्तर संपवतच नाही. जोडणी उघडी ठेवून, जसजशा घटना घडतील तसतसा मजकूर पाठवत राहतो.

वेबसॉकेट आणि यात फरक काय? वेबसॉकेट म्हणजे फोनवरचं बोलणं, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. एसएसई म्हणजे लाउडस्पीकर, फक्त सर्व्हर बोलतो. इथे आपल्याला नुसतं ऐकायचंच असल्यामुळे एसएसई पुरेसं होतं. शिवाय ते साध्या एचटीटीपीवर चालतं आणि ब्राउझरमध्ये त्यासाठी ‘इव्हेंटसोर्स’ हे साधन आधीपासूनच असतं.

याआधी काय होतं?

सुरुवातीला विकिमीडिया हे बदल आयआरसी या जुन्या चॅट व्यवस्थेवर टाकत असे. प्रत्येक बदलाची एक ओळ, तीही रंगांच्या खुणांसकट. प्रोग्रामला ती ओळ फोडून त्यातून लेखाचं नाव, सदस्याचं नाव असं वेगळं काढावं लागायचं. त्यानंतर आरसीस्ट्रीम ही सेवा आली. तिच्यात माहिती नीट जेसॉन स्वरूपात मिळू लागली, पण जोडणी तुटली तर मधल्या काळातल्या घटना परत मिळत नसत. २०१७ मध्ये इव्हेंटस्ट्रीम्सने तिची जागा घेतली.

मोठा फरक आतल्या बाजूला पडला. आता घटना आधी अपाचे काफ्का या प्रणालीत लिहिल्या जातात आणि तिथून बाहेर सोडल्या जातात. काफ्का म्हणजे दुकानातली रोजकीर्द समजा. नोंदी क्रमाने लिहिल्या जातात आणि काही दिवस तशाच राहतात. त्यामुळे “मी अमुक वेळेपर्यंतचं वाचलंय, पुढचं दे” असं सांगता येतं.

एका घटनेत काय काय असतं?

पत्ता असा: स्ट्रीम डॉट विकिमीडिया डॉट ऑर्ग, पुढे व्ही२, मग स्ट्रीम, आणि शेवटी प्रवाहाचं नाव. सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रवाह म्हणजे ‘रिसेंटचेंज’. त्याशिवाय नवीन पानं, हटवलेली पानं, हलवलेली पानं यांचे वेगळे प्रवाह आहेत. स्वल्पविराम देऊन एकाच जोडणीवर अनेक प्रवाह मागता येतात.

रिसेंटचेंजमधल्या घटनेत साधारण ही माहिती येते:

• प्रकार: संपादन, नवीन पान, नोंदवहीतली नोंद, की वर्गातला बदल
• विकीचं नाव: मराठी विकिपीडियासाठी ‘एमआरविकी’
• लेखाचं शीर्षक आणि त्याचं नामविश्व (लेखांसाठी ०)
• सदस्याचं नाव
• बदल सांगकाम्याने, म्हणजे बॉटने, केला आहे का
• लेखाची आधीची आणि नंतरची लांबी, बाइटमध्ये
• आधीच्या आणि नंतरच्या आवृत्तीचा क्रमांक
• संपादनाचा सारांश आणि वेळ

लेखाचा मजकूर यात येत नाही. नेमकं काय बदललं हे बघायचं असेल तर आवृत्ती क्रमांक घेऊन मीडियाविकीच्या नेहमीच्या एपीआयकडून ते वेगळं मागवावं लागतं.

मराठीपुरतं कसं गाळायचं?

इथे नवशिके अडकतात. ‘मला फक्त मराठी द्या’ असं सर्व्हरला सांगता येत नाही. ३०० हून अधिक भाषांचे विकिपीडिया, विकिडेटा, कॉमन्स असं सगळं एकाच नळातून येतं. गाळणी तुमच्या बाजूला लावायची. ती साधारण अशी असावी:

१. घटनेच्या ‘मेटा’ भागातलं डोमेन ‘कॅनरी’ असेल तर घटना सोडून द्या. हे काय आहे ते पुढे येतंय.
२. विकीचं नाव ‘एमआरविकी’ नसेल तर सोडून द्या.
३. प्रकार ‘संपादन’ आहे का ते तपासा. नोंदवहीच्या आणि वर्गाच्या घटनांमध्ये लांबीची माहिती नसते. ही तपासणी विसरलात तर प्रोग्राम तिथेच कोसळेल.
४. नामविश्व ० आहे का आणि बदल सांगकाम्याचा नाही ना, हे बघा.
५. नंतरची लांबी आधीच्या निम्म्याहून कमी असेल तर सूचना द्या.

लांबी बाइटमध्ये असते हे लक्षात ठेवा. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. त्यामुळे इंग्रजी विकिपीडियासाठी लिहिलेल्या प्रोग्राममधला ‘५०० बाइट कमी झाले तर कळव’ असा नियम उचलून मराठीला लावला, तर दोन-तीन वाक्यं काढली तरी सूचना यायला लागतील. आकड्यापेक्षा प्रमाण बघणं बरं.

जोडणी तुटली तर?

तुटली तर असं म्हणण्यात अर्थ नाही, ती तुटणारच. विकिमीडियाची व्यवस्था एक जोडणी जास्तीत जास्त १५ मिनिटं चालू ठेवते. तासाला किमान चार वेळा पुन्हा जोडावं लागणार, हे धरूनच प्रोग्राम लिहायचा.

प्रत्येक घटनेबरोबर एक आयडी येतो. तो म्हणजे रोजकीर्दीत तुम्ही कुठपर्यंत वाचलंय याची खूण. पुन्हा जोडताना ‘लास्ट-इव्हेंट-आयडी’ या हेडरमध्ये तो परत पाठवला की सर्व्हर तिथून पुढचं देतो. ब्राउझरमधलं इव्हेंटसोर्स हे आपोआप करतं. पण प्रोग्रामच बंद पडला, वीज गेली, सर्व्हर रीस्टार्ट झाला, तर ती खूण मेमरीबरोबर जाते. म्हणून घटनेवरचं काम झाल्यावर आयडी फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये लिहून ठेवा. आधी काम, मग खूण. उलट केलंत आणि मध्येच प्रोग्राम पडला, तर ती घटना कायमची निसटली.

ब्राउझरमधल्या इव्हेंटसोर्सला स्वतःहून हेडर देता येत नाही. तिथे पत्त्यात ‘सिन्स’ हा पॅरामीटर जोडून ‘अमुक वेळेपासून दे’ असं सांगता येतं. मागचा साठा मात्र काही दिवसांचाच असतो. महिनाभर बंद असलेला प्रोग्राम सुरू करून सगळं परत मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

पुन्हा जोडल्यावर एखादी घटना दोनदा येऊ शकते. ‘मेटा’ भागात प्रत्येक घटनेचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. तो आधी बघितलेला असेल तर घटना गाळा, म्हणजे एकाच बदलाच्या दोन सूचना जाणार नाहीत.

शांतता आहे की जोडणी मेली आहे?

मराठी विकिपीडियावर काही मिनिटं एकही संपादन झालं नाही, तर त्यात नवल नाही. पण लॅपटॉप झोपला, वायफाय बदललं की कधी कधी जोडणी कोणतीही त्रुटी न दाखवता मरते. प्रोग्रामच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, काहीच येत नाहीये.

यावर उपाय सोपा आहे. घड्याळ गाळणीच्या आधी लावा, नंतर नको. जगभरच्या विकी मिळून रिसेंटचेंजवर दर सेकंदाला कित्येक घटना येत असतात. मराठीत शांतता असू शकते, सगळ्या जगात नाही. त्यामुळे ३० सेकंद कुठल्याही विकीची एकही घटना आली नाही, तर जोडणी मेली समजा, ती बंद करा आणि शेवटच्या आयडीवरून नवी उघडा.

कमी वर्दळीच्या प्रवाहांवर हा उपाय चालत नाही, आणि हाच प्रश्न खुद्द विकिमीडियालाही पडतो. म्हणून ते अधूनमधून मुद्दाम खोट्या घटना सोडतात. त्याच या ‘कॅनरी’ घटना. कोळशाच्या खाणीत विषारी वायूचा अंदाज यावा म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, त्यावरून हे नाव. कॅनरी येतेय म्हणजे नळ चालू आहे, फक्त पाणी कमी आहे.

वापरताना काय सांभाळायचं?

ब्राउझरबाहेरचा प्रोग्राम असेल तर युजर-एजंट हेडरमध्ये प्रोग्रामचं नाव आणि संपर्काची सोय द्या. विकिमीडियाचा तसा नियमच आहे. घटना आली की आधी रांगेत टाका आणि जड काम वेगळं करा, नाहीतर प्रोग्राम मागे पडत जाईल. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका डोमेनला साधारण ६ जोडण्याच उघडतो, म्हणून प्रत्येक टॅबमध्ये वेगळा प्रवाह उघडू नका.

आणि आलेलं सगळं तसंच पुढे पाठवू नका. अमेरिकेत २०१४ मध्ये एड समर्स यांनी ‘काँग्रेसएडिट्स’ हा ट्विटर बॉट बनवला. संसदेच्या आयपी पत्त्यांवरून लॉगिन न करता विकिपीडियावर केलेले बदल तो जाहीर करायचा, आणि ते लोकांना उपयोगी वाटलं. पण २०१८ मध्ये कुणीतरी काही सेनेटरांची खाजगी माहिती लेखांत घुसवली. बॉटने ती नेहमीप्रमाणे आपोआप पुढे पाठवली आणि ट्विटरने ते खातं बंद केलं. विकिपीडियावरून मजकूर काढता येतो, पण प्रवाहातून बाहेर पडलेली घटना परत बोलावता येत नाही. त्यामुळे सार्वजनिक ठिकाणी सूचना पाठवणार असाल तर लेखाचं नाव आणि दुवा एवढंच द्या, बदललेला मजकूर नको.

मराठीला याचा उपयोग काय?

इंग्रजी विकिपीडियावर ‘क्लूबॉट एनजी’सारखे सांगकामे उपद्रवी बदल स्वतःच उलटवतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, पण इथे गस्त घालणारी माणसं त्या मानाने खूपच कमी आहेत. चुकीचा मजकूर नजरेत येईपर्यंत तोच शाळेच्या प्रकल्पात उतरवला जाऊ शकतो. मराठी येणाऱ्या एखाद्या कॉलेज विद्यार्थ्याने वरच्या पाच पायऱ्यांचा प्रोग्राम लिहिला आणि तो नीट चालू ठेवला, तर त्या मोजक्या माणसांचं काम हलकं होईल. सुरुवातीला बदल आपोआप उलटवू नका, फक्त सूचना द्या. निर्णय माणसाला घेऊ द्या. पुढे सांगकाम्या चालवावासा वाटला तर आधी मराठी विकिपीडियाच्या चावडीवर विचारा.