टॉवेलची साक्ष : नानावटी खटला आणि मुंबईचे लोकमत

१/ २७ एप्रिल १९५९. पत्नी सिल्व्हिया हिने प्रेम आहुजाशी असलेले संबंध कबूल केल्यावर नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी तिला व मुलांना चित्रपटगृहापाशी सोडले. मग ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे, अशी सबब सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. त्याच दुपारी आहुजा स्वतःच्या घरात गोळ्या लागून मरण पावला. नानावटी आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले.

२/ घटना एवढीच. पण रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने तिची कथा केली. एका बाजूला देशाचा रुबाबदार, कर्तव्यदक्ष अधिकारी. दुसऱ्या बाजूला धनाढ्य, विलासी परस्त्रीलंपट. २५ पैशांचा अंक २ रुपयांना विकला जाऊ लागला. रस्त्यावर 'नानावटी रिव्हॉल्व्हर' ही खेळणी आणि 'आहुजा टॉवेल' मिळू लागले. मृत आहुजाला स्वतःची बाजू मांडता येणार नव्हती.

३/ ऑक्टोबर १९५९ मध्ये ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांना हा निर्णय पुराव्याशी विसंगत वाटला. त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले.

४/ बचाव पक्षाचे म्हणणे असे : झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या. आहुजा नुकताच स्नान करून आला होता. अंगावर केवळ टॉवेल होता. झटापट झाली असती, तर तो सुटला असता. प्रत्यक्षात मृतदेहावरील टॉवेल जागच्या जागी होता.

५/ बाजारात जो टॉवेल थट्टेचा विषय होता, तोच न्यायालयात महत्त्वाचा पुरावा ठरला. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तरीही लोकमताची सहानुभूती ओसरली नाही. 'ब्लिट्झ'ने दयेसाठी मोहीम चालवली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली.

६/ हा भारतातील शेवटचा ज्यूरी खटला, ही समजूत मात्र चुकीची आहे. ज्यूरी पद्धत रद्द करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती; काही ठिकाणी ती नंतरही चालू राहिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही.

७/ २०२२ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांचा खटला थेट प्रक्षेपित झाला. साक्षीतील हुंदके, हावभाव, अडखळणे यांच्या चित्रफिती जगभर पसरल्या, त्यांची टिंगल झाली. ज्यूरीचे सदस्य रोज घरी जात होते; हे सारे पाहू नका, एवढीच त्यांना सूचना होती.

८/ साप्ताहिकाची जागा मोबाइलने घेतली. नायक आणि खलनायक आधी ठरवून पुरावा नंतर पाहण्याची सवय तीच राहिली. न्यायालयाने टॉवेलकडे पाहून विचारले, 'हा जागेवर कसा राहिला?' गर्दीने तो प्रश्न विचारलाच नाही; तिने टॉवेल विकत घेतला.