घाटातला धूर कोणाच्या हिशेबात?

बोरघाटाचा रस्ता १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांनी गाड्यांसाठी खुला केला. तेव्हा गाड्या म्हणजे बैलगाड्या. आज त्याच खोपोलीच्या चढावर मोटारींचा धूर किती होतो, हे कसं मोजतात ते पाहू.

मोजतात म्हणजे खरं तर अंदाज करतात. प्रत्येक गाडीच्या मागे कोणी यंत्र घेऊन धावत नाही. दुचाकी, मोटार, ट्रक अशा प्रकारांनी गाड्या मोजायच्या, त्या किती किलोमीटर धावल्या ते धरायचं आणि किलोमीटरमागे किती ग्रॅम, या आकड्यानं गुणायचं. संख्या खालापूरच्या टोलनाक्यावर मिळते. अंतर ठाऊकच असतं. अडतं ते तिसऱ्या आकड्यावर.

हे ग्रॅम पुण्यातल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये काढले गेले. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात आणि धूर तपासतात. काम चोख आहे, त्याबद्दल वाद नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा शहरांच्या अभ्यासात मुंबई होती, पुणे होतं. कर्जत-खालापूर मधेच राहिले. ती काही महानगरं नव्हेत.

पण त्या आलेखात घाट नसतो! भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत चढतो, तेव्हा किलोमीटर तेवढेच, डिझेल मात्र कितीतरी जास्त. उतरणाऱ्या ट्रकचा धूर कमी, पण ब्रेक झिजून उडणारी धूळ आलीच, आणि ती धुराड्यातून येत नाही.

रेल्वेवाल्यांना चढाची किंमत १८६३ पासून कळलेली आहे. सदतिसास एक असा चढ, म्हणून कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात. आपण तेवढ्यात बटाटेवडा घेतो. त्यांना चढाचा खर्च वेगळा मांडावाच लागला, कारण कोळसा त्यांच्या खिशातून जात होता. धुराचा खर्च खोपोलीकराच्या फुप्फुसातून जातो. तिथं सपाटीची सरासरी चालून जाते.

आता आपलं माथेरान घ्या. मोटारी दस्तुरीला थांबतात, म्हणजे गावात गाड्या जवळजवळ शून्य आणि गुणाकारही शून्य. पण नेरळहून दस्तुरीपर्यंतचा अख्खा चढ त्या चढूनच येतात ना? तो धूर नेरळच्या वहीत लिहायचा, की माथेरानच्या?