बी आणि माती

आप्पांची पाठ दुखायला लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून गादीला दोष दिला होता. घरच्यांना आठवत असेल. पुढे बोन स्कॅनमध्ये मणक्यांवर आणि खुब्यावर काळे डाग दिसले. आप्पांनी विचारलं, "फुफ्फुसातलं दुखणं पाठीत कसं काय उतरलं?" कुणालाच धड सांगता आलं नाही. म्हणून हे वाचन, उशिरा का होईना.

हाच प्रश्न लंडनचा सर्जन स्टीफन पॅजेट याला १८८९ साली पडला होता. (हाडांच्या एका विकाराला ज्यांचं नाव आहे ते सर जेम्स पॅजेट याचे वडील. गंमतच!) स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी त्याने तपासल्या. कॅन्सर नुसता रक्ताबरोबर वाहून अडकत असेल, तर यकृत आणि प्लीहा यांत एवढा फरक का? यकृतात गाठी २४१ जणींच्या, प्लीहेत फक्त १७ जणींच्या. हाडांतही तेच, काहींत वारंवार, काहींत जवळपास नाहीच. त्याचं म्हणणं, बी सगळीकडे उडतं, पण रुजतं मानवेल त्याच मातीत.

हे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या जेम्स युइंगने रक्तवाहिन्यांची रचनाच पुरेशी मानली. १९४० मध्ये बॅटसनने मणक्याभोवतीचं झडपा नसलेल्या शिरांचं जाळं दाखवलं, त्यामुळे वाटेची बाजू आणखी भक्कम झाली. फुफ्फुसाच्या बाबतीत तर वाट सरळच आहे. तिथलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येतं आणि थेट अंगभर जातं.

पण १९८० साली हार्ट आणि फिडलर यांनी उंदरांच्या मांडीत फुफ्फुसाचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे रुजवले. रक्त दोन्हींना मिळत होतं, तरी मेलानोमा वाढला फुफ्फुसाच्या तुकड्यांत, मूत्रपिंडाच्या नाही. म्हणजे पॅजेटही बरोबर होता.

हाडाची माती कसली, तेही नंतर उलगडलं. हाडात जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी असतात. कॅन्सर त्यांना चेतवतो. हाड विरघळलं की त्यात साठलेली वाढीची द्रव्यं सुटतात आणि ती कॅन्सरलाच पोसतात. पुन्हा तेच चक्र.

आप्पांना दर महिन्याला सलाईनमधून झोलेड्रॉनिक अॅसिड द्यायचे, ते या पेशींना आवरायला. आम्ही त्याला 'कॅल्शियमचं इंजेक्शन' म्हणायचो. आप्पाही तेच म्हणायचे.