सरकीत झोपलेली अळी

शेवटची वेचणी झाली, शेत मोकळं झालं, की वाटतं गुलाबी बोंडअळी गेली. ती जात नाही, झोपते. तिची लिखित गोष्ट गुजरातेतल्या भडोचला सुरू होते. तिथल्या सरकारी कापूसमळ्यातून ही कीड इंग्लंडला गेली आणि १८४३ साली सॉन्डर्स या अभ्यासकाने तिला शास्त्रीय नाव दिलं. कंपनी सरकारला आपला कापूस हवा होता, म्हणून अळीची दखल घेतली, असं आम्हाला वाटतं. शेतकऱ्याच्या नुकसानीसाठी नव्हे.

दिवस लहान झाले, रात्री गार पडल्या, की पूर्ण वाढलेली अळी लगेच कोषात जात नाही. अंगात चरबी साठवते, दोन सरक्या आपल्या धाग्याने जोडते आणि आत पडून राहते. खाणं बंद. अशी ती महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही जास्त राहते.

या झोपेतच ती जगभर फिरली. १९०६-०७च्या सुमारास हिंदुस्थानातल्या सरकीबरोबर ती इजिप्तला गेली, असं मानतात. तिथल्या बियाण्याबरोबर १९११मध्ये मेक्सिको, मग १९१७मध्ये अमेरिकेतलं टेक्सास. बोटीवर तिला ना चारा लागला ना पाणी! इजिप्तने सरकी तापवून अळी मारायचा नियम केला. टेक्सासात ठरल्या तारखेआत पऱ्हाटी मोडून गाडावी लागे. पुढे बीटी कपाशी आली, वांझ केलेले पतंग सोडले गेले, आणि २०१८मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून ती संपल्याचं जाहीर केलं. त्याआधीच्याच हंगामात आपल्या विदर्भ-मराठवाड्यात बीटीची बोंडं पोखरली गेली होती. बीटीचं विष तिला पचू लागलं होतं.

ऊन वाढलं, दिवस मोठे झाले, हवेत ओल आली, की अळी जागी होते. कोष करते, पतंग होतो, मादी अंडी धरते. यातलं बरंचसं थंडीत साठवलेल्या चरबीवर चालतं. पतंग जगतो आठ-पंधरा दिवस. तेवढ्यात शेतात पाती-फुलं नसतील, तर तिची पिल्लं उपाशी मरतात. मे महिन्यात लावलेली कपाशी तिला फावते ती यामुळे. आणि फरदड घेतली तर झोपायला जाणाऱ्या अळ्याच वाढतात.

राहिली पऱ्हाटी. बैठकीत सांगतात, घराशेजारी रचू नका. चूल कशावर पेटवायची, हे कोणी सांगत नाही. सरपण वेचणारी बाई त्यांच्या हिशेबातच नसते. पण अळी मुख्यतः वाळक्या, किडक्या बोंडांत आणि कवडीत असते, नुसत्या काडीत फारशी नाही. म्हणून रचण्याआधी बोंडं झोडून तिथेच जाळून टाकावीत. उरलेला ढीग पाती लागायच्या आत चुलीत संपवावा. म्हशीसाठी ठेवलेल्या सरकीचं पोतंही उन्हाळ्यातच रिकामं करावं, आणि त्यात एकमेकींना चिकटलेल्या सरक्या दिसल्या तर फोडून बघाव्यात.