दुकानापासून घरापर्यंत : शस्त्राच्या वाटेचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला रिव्हॉल्व्हरचे काय काम? तर त्याचे असे झाले. मागच्या खेपेला आम्ही इथे बोलायला आलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक बागायतदार गृहस्थ थांबले. त्यांचा शस्त्र परवाना नुकताच मंजूर झाला होता आणि हत्यार पुण्याच्या दुकानातून घ्यायचे होते. ते म्हणाले, "सर, घरात ठेवायचा परवाना मिळाला. पण पुण्याहून अकलूजपर्यंत आणायचे कसे? गाडीत ठेवले आणि वाटेत कोणी अडवले तर? बरोबर बाळगायचा परवाना वेगळा काढावा लागतो का? आणि मुलाला पाठवले तर चालेल का?"

आम्ही त्या वेळी एवढेच म्हणालो की वाचून सांगतो. वाचायला बसलो, आणि लक्षात आले की त्या चार-पाच तासांच्या प्रवासात दीडशे वर्षांचा इतिहास बसलेला आहे. राज्य कोणावर विश्वास ठेवते, किती ठेवते आणि कुठे ठेवत नाही, हे हत्यार घरात असताना कळत नाही. ते वाटेवर असताना कळते. आज आपण एवढेच बघणार आहोत.

इंग्रजांच्या आधीच्या काळापासून सुरुवात करू. आपल्या या नीरेच्या काठी १६८९ च्या सुरुवातीला औरंगजेबाची छावणी होती, हे तुम्हाला सांगायला नको. त्या काळी वाटेने जाणारा माणूस कमरेला काहीतरी लावूनच निघायचा. कट्यार किंवा तलवार ही गुन्ह्याची नव्हे, मानाची खूण होती. पुढे पेशवाईतही कागद लागायचा तो मालाला. जकातीच्या चौकीवरून बैल सोडायचे तर दस्तक दाखवावे लागे.

इंग्लंडात हॉब्ज नावाचा तत्त्ववेत्ता होऊन गेला. त्याचा 'लेव्हायथन' हा ग्रंथ १६५१ चा. त्यात तो वाचकाला त्याच्याच वागण्याकडे बघायला सांगतो. माणूस प्रवासाला निघताना हत्यार घेतो, रात्री दाराला कडी लावतो, घरात असतानाही पेटीला कुलूप घालतो. मग शेजाऱ्यांबद्दल त्याचे खरे मत काय आहे, हे वेगळे विचारायला कशाला हवे? हॉब्जचा प्रवासी स्वतःच्या रक्षणासाठी हत्यार नेतो. आमच्या बागायतदारांचा प्रश्न याच्या अगदी उलटा आहे. त्यांना हत्याराचा धाक कोणाला दाखवायचा नव्हता. हत्यार जवळ असल्यामुळे आपणच संशयित ठरू, ही त्यांची काळजी होती. आता हा उलटफेर झाला कधी, ते पाहू.

१८५७ च्या उठावानंतर हत्यारे काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. पण पक्की चौकट बसवली ती १८७८ च्या शस्त्र कायद्याने. व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्यांचाच, आणि तोही त्याच वर्षीचा. वर्तमानपत्रांचा कायदा काही वर्षांत गेला. शस्त्रांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे टिकला.

या कायद्यात घरात शस्त्र ठेवण्याबद्दल कलम होते, ते समजण्यासारखे आहे. पण शस्त्राच्या हालचालीबद्दल किती कलमे होती, ते बघा. परवान्यावाचून सशस्त्र फिरू नये, हे एक. सरकारला वाटल्यास शस्त्रांची ने-आण बंद करता येईल, हे दुसरे. वाटेवर तपासणीची ठाणी बसवता येतील, हे तिसरे. आणि संशय यावा अशा रीतीने कोणी शस्त्र नेत असेल तर त्याला वॉरंटशिवाय धरता येईल, हे चौथे. सरकारला खरी भीती होती ती एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या बंदुकीची. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, तेव्हा ही भीती अगदीच हवेतली नव्हती असे सरकारला वाटले असेल.

पण खरा अपमान वेगळ्या ठिकाणी होता. युरोपियनांना या कायद्यातून सूट होती. त्याच रस्त्याने, तसेच हत्यार घेऊन गोरा माणूस गेला तर तो प्रवासी, आणि आपल्यातला गेला तर तो संशयित. हा वर्णभेद पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले तेव्हा निघाला. म्हणजे चाळीस वर्षे 'तू काय नेतो आहेस' याच्या आधी 'तू कोण आहेस' हे विचारले जात होते.

आता महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले प्रकरण. १९०९ साली लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईला आली. ती धाडली सावरकरांनी, आणि आणली इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकाचे काम करणाऱ्या चतुर्भुज अमीन यांनी, पेटीच्या चोरकप्प्यात घालून. त्यांतलेच एक पिस्तूल २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात चालले. अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९१० च्या एप्रिलमध्ये फाशी झाली. सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या, त्यांतली दुसरी जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल. खून झाला तेव्हा ते हजारो मैलांवर होते. त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता तो पिस्तुले पोचवल्याचा. त्या कृत्याचे मूल्यमापन आज आपण करणार नाही, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयापुरते एवढेच लक्षात घ्या : पिस्तूल कोणी झाडले याइतकेच ते कोणत्या वाटेने आले, हे राज्याला महत्त्वाचे वाटले.

मग स्वराज्य आल्यावर काय व्हायला हवे होते? १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा आणि जवळ ठेवण्याचा हक्क नागरिकाला दिला होता. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामत यांनी नेमका हाच हक्क घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की प्रत्येक जण कसलीही आडकाठी न होता बाजारात जाऊन हल्ल्याची साधने विकत घेऊ लागला, तर राज्याने कारभार चालवायचा कसा? दुरुस्ती फेटाळली गेली.

मंडळी, इथे जरा थांबू. बाबासाहेबांना शस्त्रबंदीचा अपमान कळत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. महारांची पलटण, तिची परंपरा आणि नंतर त्यांची बंद केलेली सैन्यभरती, हे सगळे त्यांच्या घरचेच दुःख होते. तरी त्यांनी हक्क नको म्हटले. का? आम्हाला वाटते, गावात जो आधीच बलवान आहे त्याच्या हातात हत्यार सर्वांत आधी येते, हे त्यांना ठाऊक होते. दुबळ्याच्या हक्काचे रक्षण बंदुकीने होत नाही, कायद्याने होते, ही ती भूमिका आहे. पटो न पटो, ती नीट समजून घ्यायला हवी. आपल्या घटनेत शस्त्रांचा उल्लेख येतो तो शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याच्या हक्कात. शस्त्र बरोबर बाळगण्याची मोकळीक आहे ती एका ठिकाणी, शिखांच्या कृपाणापुरती, आणि तीही धर्मस्वातंत्र्याच्या कलमात.

आता बागायतदारांच्या प्रश्नाकडे येऊ. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून लागू झाला. त्याचे तिसरे कलम म्हणते की परवान्याशिवाय अग्निशस्त्र मिळवता येणार नाही, ताब्यात ठेवता येणार नाही आणि नेता येणार नाही. तिन्ही क्रियापदे एका वाक्यात आणि तिन्हींसाठी परवाना एकच. म्हणजे वेगळा 'बाळगायचा परवाना' सहसा आपल्याकडे नाही. पण परवान्यावर त्याचे क्षेत्र लिहिलेले असते. क्षेत्रात महाराष्ट्र असेल तर पुणे त्यात आले. नुसता जिल्हा असेल आणि दुकान बाहेर असेल, तर आधी परवानगीची सोय करून घ्यावी लागते. शेतीच्या रक्षणासाठी दिलेल्या बंदुकीचे परवाने तर ठरावीक शिवारापुरतेच असतात. रानडुकरासाठी घेतलेली बंदूक लग्नाच्या वरातीत नेता येत नाही. खरे तर वरातीत कोणतीच बंदूक उडवता येत नाही, पण तो विषय निराळा.

मुलाला पाठवायचे का? तिसऱ्या कलमालाच एक सवलत जोडलेली आहे. परवानाधारक समोर असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस स्वतःचा परवाना नसताना ते शस्त्र नेऊ शकतो. कारणे तीनच : दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण आणि परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. म्हणजे जुने हत्यार दुरुस्तीला न्यायचे असेल तर मुलाच्या हाती चिठ्ठी द्या. नवीन घ्यायला मात्र स्वतःच जा, असा आमचा सल्ला. खरेदी ही तुमच्या नावाच्या परवान्यावर होते. घेतल्यावर हत्यार मुदतीत दाखवून त्याचा नंबर चढवून घ्यावा लागतो.

वाटेत अडवले तर? पोलिसाला परवाना मागण्याचा अधिकार आहे, तेव्हा मूळ परवाना आणि पावती जवळ हवी. आणखी एक गंमत वाचायला मिळाली. संशयास्पद रीतीने शस्त्र नेणाऱ्याला वॉरंटशिवाय धरण्याचे १८७८ चे कलम १९५९ च्या कायद्यातही वेगळ्या रूपात आहे. तो अधिकार पोलिसांना आहेच, शिवाय रेल्वे, विमान, जहाज किंवा वाहनावर काम करणाऱ्यालाही आहे. म्हणजे एस.टी.च्या कंडक्टरलाही! २०१६ च्या नियमांनी सांगितले की सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर म्यानासारख्या होल्स्टरमध्ये, झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे. मिरवू नये. गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात आणि वाटेत पाहुण्यांकडे मुक्काम न करता सरळ घरी यावे, हे आम्ही व्यवहार म्हणून सांगतो. आणि परवान्यावाचून नेण्याची शिक्षा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे झाली आहे.

आपली मुले अमेरिकेत आहेत, ती विचारतील की तिकडे कसे. तिकडे शस्त्र ठेवणे हा घटनेने दिलेला हक्क आहे, तरी वाटेचा प्रश्न सुटलेला नाही. पुष्कळ राज्यांत घरात ठेवणे वेगळे आणि बरोबर बाळगणे वेगळे. म्हणून १९८६ च्या केंद्रीय कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याला संरक्षण दिले. अट अशी की शस्त्र रिकामे असावे आणि चटकन हाताशी येऊ नये. न्यूयॉर्क शहरात तर घरापुरता परवाना असलेल्याला, बंद पेटीतून का होईना, पिस्तूल शहराबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर नेता येत नव्हते. तो वाद थेट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर शहराने नियमच बदलला, आणि २०२० मध्ये न्यायालयाने वाद उरला नाही असे सांगितले. एवढा मोठा हक्क, आणि अडला कुठे? घराच्या उंबऱ्याबाहेर.

शेवटी आपल्या तालुक्यातलीच एक वाट. निवडणूक आली की परवानाधारकांना शस्त्रे जमा करायला सांगतात. सरसकट सगळ्यांना तसे सांगू नये, छाननी करून ठरवावे, अशी दिशा मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिली आणि त्यासाठी जिल्ह्यात समिती असते. तरी दर निवडणुकीला कोणी ना कोणी सभ्य गृहस्थ पिशवीत बंदूक घालून ठाण्याकडे जाताना दिसतो. त्याच्याजवळ कागद आहे, म्हणून त्याला बोलावता येते. गावठी कट्टा बाळगणाऱ्याला कोण बोलावणार? त्याचे नाव कोणत्याच वहीत नाही. कागद असलेल्याचाच जाच होतो, ही तक्रार अगदी खोटी नाही.

तरीसुद्धा आम्ही कागदाच्या बाजूने आहोत. १८७८ चा कागद प्रजेकडे संशयाने बघत होता आणि राज्यकर्त्याचा रंग असलेल्याला मोकळे सोडत होता. आजचा कागद, निदान लिहिलेला तरी, सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो. तो तसाच विचारला जातो की नाही, मोठ्या वाड्यातल्या परवान्याला आणि वस्तीवरच्या अर्जाला सारखीच वागणूक मिळते की नाही, हे बघणे आपले काम आहे.

ते बागायतदार आज इथे आले असतील तर त्यांना सांगतो : तुम्ही स्वतः जा, मूळ परवाना घेऊन जा, त्यावरचे क्षेत्र आधी वाचा, आणि कोणी अडवले तर चिडू नका. अडवणाऱ्याला तुमचा चेहरा ओळखीचा नसतो. कागद त्याला ओळखता येतो, आणि तो तेवढ्यासाठीच आहे.